टाचेतला दोरा

नाना पेठेत जन्म गेला त्यामुळे पालख्या मला नवीन नाहीत, दरवर्षी दोन रात्री झोपेचं खोबरं ठरलेलं. पण चालायला यंदा पहिल्यांदाच गेले, शेजारच्या काकूंच्या दिंडीतून, माउलींबरोबर. आई म्हणाली आपण ख्रिस्ती माणसं, बरं दिसतं का. म्हणलं रेव्हरंड टिळक तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले म्हणायचे ना, मग पूल म्हणल्यावर दोन्हीकडून ये-जा असणारच की. तिला पटलं नाही, तरी डब्यात चपात्या भरून दिल्या, एकादशी आहे हे तिच्या गावीही नव्हतं.

हडपसरपर्यंत नुसता वैताग. फ्लेक्स, केळ्याची सालं, सेल्फीवाले, आणि कुणीतरी न विचारताच कपाळाला गंध लावून गेलं. दिंडीच्या शेपटाला एक माणूस चालत होता, हातात फक्त कापडी पिशवी. पाण्याच्या टँकरपाशी आपणहून म्हणाला, "येरवड्याला होतो, अकरा वर्षं. भाऊ घरात घेत न्हाई. वारीत कोण इचारत न्हाई." मी "हो का" म्हणलं आणि पाठीवरची सॅक पुढे घेतली. त्याच्यासमोरच. मग काकूंच्या पलीकडे जाऊन चालायला लागले.

दिवे घाटात पाय गेला. सगळ्यांनी बजावलं होतं नवे बूट घालू नको, घातले. रथाला जादा बैलजोड्या लावलेल्या, अख्खा घाट फोन वर करून उभा आणि मी कडेच्या दगडावर बसून रडायच्या बेतात. माउलींचा रथ पुढून गेला तर मी टाचेकडे बघत होते.

"बूट काढा ताई." तोच माणूस. टोपीच्या घडीतून सुई काढली, तिला काळा दोरा गुंडाळलेला. एका पोराकडून लायटर मागून सुई तापवली आणि माझा पाय उचलून सरळ मांडीवर घेतला. मी ओढला. त्याने शेळीचा धरावा तसा परत ओढला. फोड केवढा, लिंबाएवढा, सुई या बाजूने आत, त्या बाजूने बाहेर, पाणी त्याच्या बोटांवरून ओघळलं ते त्याने धोतराला पुसलं. दोरा आतच ठेवला, दोन्ही टोकं बाहेर. "वढून काढू नका. ह्येच्यावाटं पाणी जाईल." म्हणलं कुठं शिकलात? "आत शिलाईला होतो."

आमच्याकडे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी फादर बारा जणांचे पाय धुतात. ते बाराही जण घरून साबणाने धुऊन येतात. पेत्र म्हणाला होता माझे पाय तू कधीच धुवायचे नाहीस, ते मला नम्रपणाचं वाटायचं, आता वाटतं त्याला लाजच वाटली असणार. आणि तो उधळ्या पोराचा थोरला भाऊ. बाप धाकट्याला लांबून बघूनच धावत सुटला, हा मात्र रुसून दाराबाहेर उभा. शेवटी आत गेला की नाही, लूकने लिहिलंच नाही. सॅक अजून माझ्या छातीवरच होती.

काहीतरी द्यावं म्हणून डबा पुढे केला. "एकादस हाय," म्हणाला, आणि दोन चपात्या पिशवीत ठेवल्या, उद्या बारस सोडायला.

दुसऱ्या दिवशी सासवडला पंगतीत काकू माझ्या कानात, "हा कोण गं? आपल्या यादीत नाही." मी काही बोलायच्या आत स्वतःच म्हणाल्या, "यादीत तू तरी कुठेयस," आणि त्याला भाकरी वाढली. वर आमटी कमी पडली म्हणून आचाऱ्यावर खेकसल्या.

जेजुरीला भंडारा डोळ्यात गेला. वाल्हे पावसात. नीरेत पादुकांचं स्नान, गर्दीत मला फक्त छत्र्या दिसल्या. लोणंदला काकू पुढे गेल्या, मी रेल्वेने परत, तो माणूस कुठल्या दिंडीत सरकला कळलं नाही.

रविवारी चर्चला चपला घालून गेले. आईचं लक्ष प्रवचनात नव्हतंच, माझ्या टाचेवर. काढ तो काळा दोरा, लोक बघतायत.

म्हणलं राहू दे, फोड अजून ओला आहे.