बसने सुर्लला: चोर्ला घाटमाथ्यावरच्या सत्तरीतल्या गावात

पणजीच्या कदंब स्थानकावर सुर्लची बस विचारलीत, तर आधी "कुठलं सुर्ल?" हे नक्की करा. डिचोली तालुक्यात एक सुर्ल आहे. महादेवाच्या कदंबकालीन देवळाचं तांबडी सुर्ल तिकडे धारबांदोड्यात. मी सांगतेय ते सत्तरी तालुक्यातलं, चोर्ला घाटाच्या वर वसलेलं. पावसाळ्यात गोव्याचा डोंगर बघायचा असेल, तर माझ्या मते याच्याइतकी चांगली जागा नाही, आणि तिथे गाडी न नेता बसनेच जावं.

मी पणजीहून पहाटेच्या बसने आधी साखळीला गेले. साखळीत उतरून पातळभाजी-पाव खाऊन घ्या, कारण पुढे गावात वेळेवर जेवण मिळेलच असं धरून चालता येत नाही. वरच्या प्रवासासाठी बेळगावची बस पकडायची. ती पणजीतूनच थेट धरणार असाल, तर एकच प्रश्न विचारायचा: "चोर्ल्यावरून जाते ना?" बेळगावच्या काही बसेस फोंडा, मोले, अनमोड करत जातात. त्यांत बसलात तर दिवस गेला. चढताच कंडक्टरला सांगून ठेवा की सुर्लच्या फाट्यावर उतरायचंय. लांब पल्ल्याच्या बसमध्ये तिकीट पुढच्या टप्प्याचं काढावं लागू शकतं, त्यावरून वाद घालू नका. साखळी स्थानकावर थेट गावात जाणाऱ्या बसचीही चौकशी करा. वेळ जुळली तर फाट्यावरून चालणं वाचतं.

केरी गाव मागे पडलं की घाट सुरू होतो. खाली अंजुणे धरणाचं पाणी दिसतं, मग एका वळणावर धुकं सगळं गिळून टाकतं, पुढच्या वळणावर पुन्हा उघडतं. ड्रायव्हर दिवे लावून, हॉर्न देत, सावकाश बस वर चढवत होता. बसमध्ये बेळगावला दवाखान्यात निघालेल्या आजी होत्या, जांबोटीकडच्या नातलगांकडे निघालेलं एक कुटुंब होतं. डोंगराकडे बघायला खिडकीशी सरकलेली मी एकटीच. आजींनी आपणहून जागा बदलून दिली. ज्यांना वळणं लागतात त्यांनी पुढच्या बाकावर बसावं आणि आल्याची वडी जवळ ठेवावी.

घाटमाथा साधारण 800 मीटरवर आहे. गोवा, कर्नाटक आणि महाराष्ट्र इथे एकमेकांना अगदी खेटून आहेत. फाट्यावरून गावापर्यंत तासाभराची चाल गृहीत धरा. डांबरी रस्ता आहे, चुकायची भीती नाही, पण पावसात छत्री टिकत नाही. रेनकोट घ्या आणि पायात पकड असलेले बूट घाला. जळवा भरपूर असतात. मीठ किंवा तंबाखूचं पाणी सोबत ठेवा, मोजे वर ओढून घ्या.

गावाजवळून दरीपलीकडे लाडक्याचो वझर दिसतो; वझर म्हणजे धबधबा. मी पोचले तेव्हा समोर नुसती पांढरी भिंत होती आणि फक्त आवाज येत होता. थांबले. वाऱ्याने धुकं बाजूला सारलं आणि कड्यावरून उतरणारं सगळं पाणी एकदम समोर आलं. हेच पाणी पुढे म्हादई नदीला मिळतं, आणि पणजीच्या पुलांखालून मांडवी म्हणून समुद्राला जातं. म्हादईच्या पाण्याचा गोवा-कर्नाटकातला तंटा आपण वर्षानुवर्षं वर्तमानपत्रांत वाचतो, लवादाचा निवाडाही 2018 मध्ये आला. पण ते पाणी कुठून येतं हे ज्याने इथे उभं राहून पाहिलं, त्याला ती बातमी आपल्या घरची वाटेल.

धबधब्याच्या पायथ्याशी उतरायचा मोह मात्र आवरा. हा परिसर 1999 मध्ये जाहीर झालेल्या, 208 चौरस किलोमीटरच्या म्हादई अभयारण्याचा. धबधब्यांवर बुडून माणसं दगावल्यानंतर 2023 च्या पावसाळ्यात अभयारण्यांतल्या धबधब्यांवर बंदी घातली होती. नियम दर मोसमात बदलतात, त्यामुळे निघण्याआधी वाळपईला वन खात्याकडे चौकशी करा. दरीत उतरणाऱ्या जुन्या पायवाटा आहेत, पण वाटाड्याशिवाय त्या धरू नका. शेवाळलेल्या कातळावर पाय ठरत नाही, आणि वर पाऊस झाला की ओढा बघता बघता फुगतो. झुडपांत हात घालण्यापूर्वी नीट बघा, हिरवा चापडा हा विषारी साप पानांत सहज दिसत नाही. देवगांडूळ, म्हणजे गांडुळासारखे दिसणारे बिनपायांचे उभयचर, हेही याच डोंगरात आहेत. केरीतून त्यांची एक नवी जात 2007 मध्ये नोंदली गेली, तिच्या शास्त्रीय नावातच गोवा आहे.

सप्टेंबर मला जुलैपेक्षा जास्त आवडतो. धुकं कमी, वझर अजून भरलेले, आणि सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या कातळाच्या सपाटीवर, सीतेची आसवं फुललेली. सड्यावर चालताना फुलं तुडवू नका, पाऊलवाटेवरूनच जा. बाटल्या आणि वेष्टनं पिशवीत भरून खाली साखळीपर्यंत आणा. वझराच्या काठावर फुटक्या काचा बघून मला खरंच वाईट वाटलं. त्याच रस्त्याने गावातली पोरं अनवाणी फिरतात.

परतीचं आधी ठरवा. फाट्यावर उतरतानाच कंडक्टरला विचारून घ्या की बेळगावहून पणजीकडे येणाऱ्या बसेस साधारण कधी इथून जातात. शेवटच्या बसवर विसंबू नका, तिच्या आधीची धरा. दरड कोसळली किंवा झाड पडलं तर घाटात वाहनं अडकतात. रविवारी संध्याकाळी बस भरून येते आणि हात दाखवूनही थांबत नाही, म्हणून जमलं तर मधल्या वारी जा. फोनचं नेटवर्क भरवशाचं नाही, तेव्हा घरी परतीची वेळ सकाळीच सांगून ठेवा आणि तिकिटाला सुटे पैसे जवळ असू द्या.