शेलमधली एक दुपार

आज परभणीत मुलांना पायथन या संगणकभाषेचे शेल, म्हणजे आज्ञा लिहिताच उत्तर देणारी खिडकी, शिकवताना एका विद्यार्थिनीचे लूप (त्याच आज्ञा पुन्हा पुन्हा चालवणारा भाग) थांबेना, पडद्यावर आकड्यांचा पूर आला आणि ती थेट विजेचे बटण बंद करायला निघाली, तेव्हा कंट्रोल आणि सी या कळा एकत्र दाबल्या की चालू काम थांबते, पण शेल उघडेच राहते, हे सर्वांना एकदम पटले. नुसती अधोरेखा (_) लिहून एंटर दाबल्यास आधीचे उत्तर परत मिळते, हे मलाही बरीच वर्षे ठाऊक नव्हते. त्यासाठी कापसाचे क्विंटल गुणिले भाव आणि त्यातून हमाली वजा, असे उदाहरण घेतले. बाहेर पडायला लिनक्सवर कंट्रोल-डी, तर विंडोजवर कंट्रोल-झेड आणि मग एंटर, हा भेद मात्र उगाच छळतो. २०२४ च्या ३.१३ आवृत्तीपासून कंसांशिवाय ‘एक्झिट’ लिहिले तरी चालते. आमच्याकडे अजून जुनीच आवृत्ती आहे.