यूज नो हुक्स

हीरकमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा, असा शाळेतून फोन आला तेव्हा मी न्हावा-शेवा बंदरात एका कंटेनरपाशी उभा होतो. तेव्हापासून डोळ्यांपुढे फक्त बाई आहेत. आपल्या शाळेत नुसतं 'बाई' म्हटलं की कोणत्या, हे सांगावं लागत नाही. बाकीच्या गुरुजनांनी मला क्षमा करावी.

आम्ही पाचवीत एबीसीडी गिरवलेली मुलं. इंग्रजी म्हणजे धडा, शब्दार्थ आणि पाठ केलेली प्रश्नोत्तरं, एवढंच ठाऊक होतं. 1978 साली आठवी 'ब'ला बाई आल्या आणि पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, "घरात इंग्रजी छापलेलं जे सापडेल ते उद्या घेऊन या." दुसऱ्या दिवशी टेबलावर खोकल्याच्या औषधाची बाटली, साबणाचं वेष्टन, तारेचा कोरा फॉर्म असं काय काय जमलं. रेल्वेत नोकरीला असलेल्यांच्या मुलाने वेळापत्रक आणलं होतं. संध्याकाळी धुळ्याहून निघून सकाळी मुंबईत लग्नाला पोहोचायचं, तर चाळीसगावला कोणती गाडी धरायची, यावर दोन तास वर्ग मोडक्यातोडक्या इंग्रजीत भांडत होता. बाई चुका टिपत होत्या, पण मध्ये अडवत नव्हत्या. तारेला तेव्हा शब्दागणिक पैसे पडत, म्हणून आजीच्या आजारपणाचं लांबलचक पत्र आम्ही आठ शब्दांवर आणलं. कुठला शब्द गाळला तर निरोपच बदलतो, हे मला तिथे कळलं.

प्रत्येक कागदाला बाईंचे तीनच प्रश्न असत. हे कोणी लिहिलं? कोणाला? वाचून त्याने काय करायचं?

माझ्या घरात इंग्रजी कुठलं असायला! आबा मार्केट यार्डात हमाल. अंथरुणाखाली घालायला युरियाची रिकामी पोती होती, त्यातल्या एकाचा तुकडा कापून नेला. वर्गात तो काढायची लाज वाटत होती. बाईंनी तो फळ्यावर टाचणीने लावला आणि मोठ्याने वाचला, "यूज नो हुक्स." 'डू नॉट यूज' आम्हाला येत होतं, हे 'यूज नो' नवीन होतं. मग नेहमीचा प्रश्न आला, "कोणाला सांगितलंय?" कोणी म्हणालं शेतकऱ्याला, कोणी म्हणालं दुकानदाराला. मी हळूच म्हणालो, "हमालाला." बाई म्हणाल्या, "का ते तू सांग." मी उभा राहिलो. हुक म्हणजे हमालाची पोतं उचलायची आकडी. ती घुसवून पोतं ओढलं की ते फाटतं, आत ओल शिरते आणि युरियाचे गोळे होतात. हे सगळं मला आबांमुळे माहीत होतं. इंग्रजी शब्द बाई पुरवत गेल्या. वर्गात सलग पाच वाक्यं इंग्रजीत बोललो, ती आयुष्यातली पहिली.

रात्री आबांना सांगितलं. ते बराच वेळ त्या अक्षरांवरून बोट फिरवत बसले. म्हणाले, "इतकी वर्षं पाठीवर वाहतोय, यात मला काही सांगितलंय हे कुणी बोललंच नाही." दुसऱ्या दिवशी मी हे बाईंना सांगितलं, तेव्हा त्यांनी सगळ्या वर्गाला तोच मजकूर मराठीत लिहायला लावला. निवडलेली पाटी आबांनी गोदामाच्या दारावर लावली: 'पोत्याला आकडी लावू नका.'

माझी मुलगी बी.एड.ला असताना तिच्या अभ्यासात बंगलोर प्रकल्प होता. एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात दक्षिणेतल्या शाळांत वेळापत्रकं आणि नकाशे देऊन, त्यातलं कोडं सोडवायला लावून इंग्रजी शिकवलं. ती वाचून दाखवत होती आणि मला आपला वर्ग दिसत होता. बाईंनी हे कुठल्या पुस्तकातून घेतलं नव्हतं.

1991पासून मी न्हावा-शेव्याला आहे आणि आज माझ्या हाताखाली चाळीस माणसं काम करतात. आमचा धंदा कागदांचा. पोतं फाटलं, असा शेरा बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाजाने माल घेतल्याच्या पावतीवर, पडला की ते 'क्लीन', म्हणजे बिनशेऱ्याचं, राहत नाही आणि बँकेत पैसे अडकतात. नवीन मुलं येतात, पहिलीपासून इंग्रजी शिकलेली, मार्क भरपूर. उताऱ्याखालच्या प्रश्नांची उत्तरं बिनचूक देतात. समोर ग्राहकाचं पत्र ठेवून 'याला नक्की काय हवंय?' असं विचारलं की गप्प होतात. या मुलांचा मला राग येत नाही, वाईट वाटतं. त्यांना बाई मिळायला हव्या होत्या. आज आपल्या शाळेतही उतारा गाइडातूनच सोडवतात असं ऐकलं, तेव्हा रात्रभर झोप लागली नाही.

बाई समारंभाला येणार आहेत असं कळलं. मी खोक्याच्या पुठ्ठ्याचा एक तुकडा आणणार आहे. त्यावर आता शब्द नाहीत, आकडीवर फुली मारलेलं चित्र आहे. ते जगभर चालतं आणि माझ्या आबांनाही वाचता आलं असतं. तो हातात घेऊन बाईंनी मला पुन्हा एकदा वर्गासमोर उभं करावं आणि विचारावं, कोणाला सांगितलंय?