तुम्ही विचारलंत म्हणून: डिसेंबरात बर्फ थोडाच असतो ना?

दिवाळी झाली की साताऱ्यातले ट्रेकचे ग्रुप आणि उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखरावर निघालेल्या पोरांचे आईवडील हेच विचारतात: "डिसेंबरात बर्फ थोडाच असतो ना? मग हिमस्खलनाची भीती कशाला घालता?" भीती घालत नाही हो. पण थोडा बर्फ म्हणजे थोडा धोका, हा हिशेबच मला मान्य नाही.

हिवाळ्याच्या तोंडाला जमीन शून्य अंशाच्या आसपास असते, वरची हवा रात्री कितीतरी उणे. मध्ये फूट-दीड फूट बर्फ. एवढ्याशा जाडीत तापमानात इतका फरक असला की खालची वाफ वर सरकते आणि तळाचे कण मोठे, टोकदार, सुटे होतात. मुठीत दाबले तरी गोळा होत नाहीत. सावलीतल्या उत्तर उतारांवर हा थर आठवडेच्या आठवडे टिकतो. मग पश्चिमी झंझावात येतो, रात्रीत फूटभर बर्फ टाकतो आणि वारा त्याची लादी करतो. लादी त्या सुट्या कणांवर नुसती टेकलेली. माणूस वर गेला की त्याच्यासकट सुटते. हिमस्खलनात दगावणाऱ्या बहुतेकांच्या बाबतीत ते त्यांनी किंवा त्यांच्या सोबत्यांनीच सुरू केलेलं असतं.

जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या. मुसळधार पावसात डोंगराच्या पोटाशी थांबू नये, हे आता आपल्याकडे कुणाला पटवावं लागत नाही. बर्फाची गोष्ट निघाली की तीच माणसं म्हणतात, "पैसे भरलेत, रजा टाकलीय."

थोरोंग ला आठवा. ५,४१६ मीटरची नेपाळमधली खिंड, ऑक्टोबर म्हणजे तिथला भर हंगाम. १२ ऑक्टोबर २०१४ ला हुदहुद चक्रीवादळ विशाखापट्टणमला धडकलं. दोन दिवसांनी त्याचंच उरलेलं ओलं आभाळ अन्नपूर्णेवर बर्फ होऊन कोसळलं. खिंडीजवळच्या चहाच्या झोपडीत आसरा घेतलेल्यांपैकी काही जण वादळातच मुक्तिनाथकडे उतरायला निघाले आणि वाटेतच गेले. मनांगमध्ये आणि धौलागिरीच्या तळछावणीवर हिमस्खलनाने माणसं नेली. चाळीसहून जास्त मृत्यू: पर्यटक, गाईड, याक राखणारे. वादळ दोन दिवस आधी किनाऱ्यावर दिसत होतं. ते कुठे जाणार हा अंदाज डोंगरातल्या माणसापर्यंत पोचला नाही, किंवा पोचून पटला नाही. मला हेच सलतं.

तर प्रत्यक्षात करायचं काय? बहुतेक लाद्या ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात. फोनमधल्या क्लिनोमीटरने उतार मोजा. पायाखाली २५ अंश असले तरी डोक्यावर काय लटकलंय ते बघा, कारण वरून सुटलेला बर्फ सपाटीपर्यंत येतो. २४ तासांत ३० सेंटीमीटर नवा बर्फ पडला किंवा वाऱ्याने तो कड्याच्या आडोशाला साचवला, तर ३० अंशांवरचे उतार सोडाच. पायाखाली 'धप्प' असा दबका आवाज आला, बर्फाला लांब चीर गेली, तर तिथूनच मागे फिरा. संशयाचा पट्टा टाळता येणारच नसेल तर एकेकाने ओलांडायचा, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून बघत राहायचं. वादळानंतर "एक दिवस थांबलो, झालं" हेही पुरेसं नाही. तळाचा सुटा थर आठवडाभरानेही दगा देतो.

ट्रान्सीव्हर (बर्फात गाडलेल्याचा माग लावणारं रेडिओयंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं हवंच का? पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलेला बहुधा वाचतो, अर्ध्या तासानंतर फार थोडे. म्हणजे शोधायचं सोबत्यांनीच. बचाव पथक तोवर पोचत नाही. म्हणून प्रत्येकाकडे तिन्ही हवीत, नुसती लीडरकडे असून भागत नाही. फोन ट्रान्सीव्हरच्या कामात अडथळा आणतो, म्हणून तो त्यापासून किमान २० सेंटीमीटर दूर ठेवायचा, शोधताना ५०. पण सराव नसलेल्याच्या गळ्यात यंत्र अडकवलं की तो नको त्या उतारावर जायचं धाडस करतो, हेही खरं. यंत्राशिवाय पाठवावं की यंत्र देऊन धाडस वाढवावं, यावर माझा माझ्याशीच वाद चालतो. अजून मिटलेला नाही. तोवर पैसे भरण्याआधी आयोजकाला एवढं विचारा: वाटेत ३० अंशांवरचा उतार कुठे आहे, आणि बर्फ किती पडला तर तुम्ही परत फिरणार?