जीसीसी ४.९ वरून ५ वर: टॅगलिब आणि एक्झिव२ झाल्या

जुन्या मशीनसाठी जपलेला डेस्कटॉप पॅकेजांचा संच जीसीसी ५ या कंपायलरवर नेतोय. टॅगलिब (गाण्यांच्या फाइलींमधली माहिती वाचणारी लायब्ररी) आणि एक्झिव२ (फोटोंमधली माहिती वाचणारी) नव्या कंपायलरने बिल्ड झाल्या. त्यांच्यावर उभी असलेली ॲप्लिकेशन आता रांगेत आहेत.

या उडीत नेमकं काय हलतं? सी++११ च्या मानकात कॉपी-ऑन-राइट स्ट्रिंगला (बदल होईपर्यंत सगळ्या प्रती एकच मेमरी वापरतात अशा मजकुराला) जागा नाही, आणि लिस्टमध्ये किती घटक आहेत हे न मोजता लगेच सांगता आलं पाहिजे. म्हणून २०१५ मध्ये आलेल्या जीसीसी ५ ने दोन्हींची मेमरीतली रचनाच बदलली. ६४ बिटवर जुनी स्ट्रिंग ८ बाइटची, म्हणजे नुसता एक पॉइंटर. नवी ३२ बाइटची, कारण १५ बाइटपर्यंतचा मजकूर ती स्वतःच्या पोटात ठेवते.

सी++ च्या स्टँडर्ड लायब्ररीचं सोनेम (प्रोग्रॅम तिला ज्या नावाने शोधतात ते) मात्र तेच राहिलं, लिबस्टडीसी++.एसओ.६. एकाच फाइलीत जुनं आणि नवं दोन्ही रूपं असल्यामुळे आधीचे प्रोग्रॅम चालत राहतात. हे काम फार विचारपूर्वक केलेलं आहे. पण त्यामुळेच नुसतं एलडीडी (कुठल्या लायब्ररी लागतात ते दाखवणारी कमांड) चालवून कोण जुनं, कोण नवं ते कळत नाही. मी एनएम -डी चं आउटपुट, म्हणजे लायब्ररीतल्या सिंबॉलची (फंक्शन वगैरेंच्या नावांची) यादी, ती नावं वाचनीय करणाऱ्या सी++फिल्टमधून काढतो आणि त्यात '__सीएक्सएक्स११' शोधतो. निव्वळ सी मधल्या लायब्ररींना हात लावायची गरजच नाही.

जुनी टॅगलिब आणि नवा म्युझिक प्लेअर जोडायला गेलं की लिंकर (बिल्डमध्ये हे तुकडे जोडणारा प्रोग्रॅम) 'अनडिफाइन्ड रेफरन्स', म्हणजे सिंबॉल सापडत नाही, म्हणून अडवतो. हे बरंच. खरी भीती लिंकर गप्प बसतो तिथली. क्लासच्या आत स्ट्रिंग मेंबर आहे आणि फंक्शन त्या क्लासचा फक्त पॉइंटर घेतं, तर सिंबॉलचं नाव दोन्हीकडे सारखंच. लिंक बिनतक्रार होते, आतले ऑफसेट (मेंबरच्या मेमरीतल्या जागा) मात्र सरकलेले, आणि क्रॅश भलत्याच ठिकाणी होतो. अशा लायब्ररींचे हेडर मी ओळ न् ओळ वाचतो.

प्लगइन डीएलओपनने, म्हणजे प्रोग्रॅम चालू असताना, लोड होतात, त्यामुळे मुख्य प्रोग्रॅम लिंक करताना त्यांच्यातली गडबड दिसतच नाही. प्रत्येकावर एलडीडी -आर चालवा, न सापडणारे सिंबॉल लगेच पुढे येतात.

कंपाइल करताना मॅक्रोने जुना एबीआय (बायनरी पातळीवरची जुनी रचना) मागता येतो, पण तो पसरतो: एका लायब्ररीला दिला की स्ट्रिंगची देवाणघेवाण करणाऱ्या सगळ्यांनाच द्यावा लागतो. सोर्स नसलेल्या बायनरीसाठी ठीक, एरवी नको. डेबियन या लिनक्स वितरणाने त्या वेळी सोनेम न बदलता पॅकेजच्या नावाला 'व्ही५' जोडलं होतं, लिबटॅग१व्ही५ असं. मीही तेच करतोय, म्हणजे पॅकेज मॅनेजरच जुन्या-नव्याची सरमिसळ होऊ देणार नाही.

पुढे बूस्ट, हा सी++ लायब्ररींचा मोठा संच. त्यातल्या फाइलसिस्टम आणि प्रोग्रॅम-ऑप्शन्स आधी घेतो, कारण दोन्हींच्या इंटरफेसमध्ये स्ट्रिंगच स्ट्रिंग आहे.