सारांशाच्या रकान्यात अडकलेली हरकत

पाथर्डी शिवारातला विकास योजनेचा (शहराच्या मंजूर विकास आराखड्यातला) 18 मीटर रुंद रस्ता सरकवायचा होता. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 37 खाली फेरबदलाची सूचना निघाली, हरकती गेल्या, आणि त्या दिवशी मी प्लॉटधारकांचा वकील म्हणून सुनावणीला बसलो होतो. अधिकाऱ्यांपुढे अर्ज नव्हते, फक्त तक्ता होता: नाव, सर्व्हे नंबर, हरकतीचा सारांश, अभिप्राय. चार-चार पानी अर्जांचा सारांश 'रस्त्यास विरोध' एवढाच. अभिप्रायाच्या रकान्यात तर 'हरकत मान्य करता येत नाही' हे आधीच टाइप केलेलं! सुनावणी व्हायची होती अजून.

एकच नोंद वेगळी होती. त्या अर्जदाराने वरच दोन ओळी लिहिल्या होत्या: प्रस्तावित रेषा मंजूर लेआउटमधल्या बांधीव प्लॉटवरून जाते, ती पूर्वेच्या हद्दीलगत घ्यावी. लिपिकाने त्या जशाच्या तशा उतरवल्या. अधिकाऱ्यांनी नकाशा मागवला आणि खरी चर्चा तेवढ्याच एका हरकतीवर झाली.

म्हणून सारांश आपणच लिहून द्यावा. सर्व्हे नंबर, नकाशावरची जागा, नेमका बदल आणि कारण, एवढं पुरतं. 'जनतेवर अन्याय' वगैरे मागच्या पानांवर. प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.

मुदतीत फार जण फसतात. हरकतीला सूचनेच्या तारखेपासून एक महिना असतो. लोक मात्र वर्तमानपत्र हाती पडलं तिथून मोजतात. बाधितांना स्वतंत्र नोटीस द्यावी असं कलम 37 मध्येच आहे, पण सातबाऱ्यावर फेरफार झाला नसेल तर ती जुन्या मालकाच्या पत्त्यावर जाते. फेरबदलाचा नकाशा सहसा सूचना काढणाऱ्या कार्यालयात बघायला मिळतो. मंजूर लेआउटची प्रत सोबत न्यावी. नवी मोजणी महिन्यात हाती येईल या भरवशावर राहू नये.

आधीच टाइप केलेल्या अभिप्रायावर आम्ही तिथेच लेखी आक्षेप दिला आणि पोच घेतली. पुढे प्रस्ताव शासनाकडे जातो, तिथे हा कागद लागतो. माहिती अधिकाराच्या कलम 4(1)(घ) नुसार निर्णयाची कारणं बाधितांना सांगणं बंधनकारकच आहे, तरी अर्ज टाकावाच. राज्याच्या नियमांत मर्यादा 150 शब्द आणि एकच विषय. तेव्हा सुनावणीचा अहवाल व अभिप्राय तक्ता एवढंच मागावं. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला की झालं.