खिडकी वर राहत नाही तेव्हा

थंडी संपून खिडक्या उघडायचे दिवस आले, की न्यू जर्सी काय किंवा मिशिगन काय, तिथल्या मराठी स्वयंपाकघरांतून एक लाटणं गायब होतं. शोधायला लांब जावं लागत नाही. ते सिंकमागच्या खिडकीत उभं असतं. आत मिरचीची फोडणी तडतडतेय, स्मोक अलार्म कोकलायच्या बेतात आहे आणि वर सरकवलेली खिडकी हात काढला की धाडकन खाली येते. मग टेकू कशाचा? जे हाताशी असेल त्याचा.

टेकू लावण्याइतकी ही खिडकी मोडलेली नसते. व्हिनायलची (एका प्रकारच्या प्लास्टिकची) चौकट, झडपा, दुहेरी काच, सगळं ठणठणीत असतं. मोडलेला असतो तो चौकटीत दडलेला एखादा बोटभर तुकडा. खिडक्या विकणारा मात्र पूर्ण खिडकी बदलायचा, शक्यतो घरातल्या सगळ्याच बदलायचा सल्ला देतो. त्याचा धंदा तो आहे, आपण ऐकायलाच हवं असं नाही.

आपल्याकडच्या जुन्या खिडकीला बिजागरी, कडी-कोयंडा आणि खिट्टी. बिघडलं काय ते समोर दिसतं. अमेरिकेतली वर-खाली सरकणारी झडप एका न दिसणाऱ्या तोलावर उभी असते. तिचं वजन साधारण काढता येतं. दोन तीन-तीन मिलिमीटर काचांचा जोड दर चौरस फुटाला जवळपास 3 पौंड भरतो. 30 इंच रुंद आणि 24 इंच उंच झडपेत नुसती काच 15 पौंडांची, वर तिची चौकट. हे वजन कोणीतरी सतत वर ओढून धरावं लागतं. जुन्या लाकडी खिडक्यांत ते काम भिंतीच्या पोकळीत दोरीला टांगलेले ओतीव लोखंडाचे दंडगोल करत. व्हिनायलच्या खिडकीत तेवढी जागा नाही, म्हणून दोन्ही बाजूंच्या खाचेत स्प्रिंग बसवलेली असते. तिलाच बॅलन्स म्हणतात.

बॅलन्स कोणत्या जातीचा आहे हे झडप वर करून बाजूच्या खाचेत डोकावलं की कळतं. बारीक नळी आणि तिच्यातून बाहेर आलेला पीळदार दांडा दिसला तर स्पायरल. इंग्रजी यू अक्षरासारखी धातूची पट्टी आणि तिच्यात दोरी-कप्पी असेल तर ब्लॉक अँड टॅकल. तिथे बहुधा दोरीच तुटलेली असते. आणि प्लास्टिकच्या ठोकळ्यातून चकचकीत स्टीलची पट्टी निघत असेल, मोजायच्या टेपसारखी गुंडाळी होणारी, तर कॉइल. यू पट्टीवर बहुतेक वेळा आकडे ठोकलेले असतात: आधी लांबी, मग ताकद. स्पायरलच्या दांड्याच्या टोकाचा रंग ही ताकदीची खूण. काहीच वाचता येत नसेल तर झडप काढून बाथरूममधल्या वजनकाट्यावर ठेवावी आणि वजन सांगून जोडी मागवावी. जोडीच. एका बाजूची स्प्रिंग नवी आणि दुसरी थकलेली असली की झडप तिरकी चढते आणि मध्येच अडकते.

झडप काढायला जोर लागत नाही, क्रम पाळावा लागतो. कुलूप उघडून ती तीन-चार इंच वर घ्यावी. वरच्या कडेच्या दोन्ही टोकांना सरकती बटणं असतात, त्यांना टिल्ट लॅच म्हणतात. दोन्ही एकदम आत ओढून झडप आपल्याकडे पार आडवी करावी. झडपेच्या खालच्या कोपऱ्यांतून धातूच्या दोन खुंट्या, म्हणजे पिव्होट बार, बाहेर आलेल्या असतात. त्या खाचेतल्या शू नावाच्या ठोकळ्यांत बसतात. झडप आडवी झाली की शूमधला कॅम, म्हणजे खुंटी ज्यात बसते तो यू आकाराचा फिरता तुकडा, फिरतो, शू फुगतो आणि खाच घट्ट धरून ठेवतो. एक बाजू उचलली की झडप हातात.

घोळ होतो तो इथेच. झडप अर्धवट कलती असतानाच उचलली, तर कॅम पुरता फिरलेला नसतो. वजन गेल्याबरोबर शू स्प्रिंगच्या ओढीने सट्‌कन वर जातो आणि बोट मध्ये असेल तर चांगलंच सडकतो. वर गेलेला शू रुंद, चपट्या स्क्रूड्रायव्हरने खाली आणावा: टोक कॅममध्ये घालायचं, कॅम फिरवून शू सुटा करायचा, तसाच दाबून उंबऱ्यापासून चार-पाच इंचांपर्यंत ओढायचा आणि तोंड वर येईल असा फिरवून बसवायचा. दोन्ही शू एकाच उंचीवर हवेत. मग खुंट्या त्यांत टेकवून झडप उभी करायची. लॅचचा ‘टक्’ दोन्हीकडून ऐकू आला पाहिजे. एकच आला तर एक खुंटी बाहेर राहिली आहे, असं समजावं. स्पायरलच्या दांड्याला पीळ भरलेला असतो. तो हातातून निसटला तर भिंगरीसारखा फिरतो. हातमोजे आणि चष्मा यांना तिथे पर्याय नाही.

टिल्ट लॅच तुटायचं कारण बहुतेक वेळा आपणच. खिडकी वर करताना वरच्या कडेला धरून ओढायची सवय असते, बळ येतं ते या दोन प्लास्टिकच्या जिभांवर. उन्हाने प्लास्टिक आधीच ठिसूळ झालेलं असतं. उचलण्यासाठी खालच्या कडेला पन्हळ असते, तीच वापरावी. जीभ तुटली की वरचा कोपरा खोलीत झुकतो आणि एखाद्या दिवशी अख्खी झडप अंगावर येते, त्यामुळे ही दुरुस्ती पुढे ढकलू नये. कडेत बसलेला लॅच आत सरकवून चपट्या टोकाने उचकला की निघतो. स्क्रूचा असेल तर दोन स्क्रूंतलं अंतर मोजावं. माप सोळांश इंचापर्यंत घ्यावं, डावा-उजवा पाहावा, आणि नवा येईपर्यंत जुना फेकू नये.

चौकट पोकळ असल्याने स्क्रू पुनःपुन्हा काढले की भोक सैल होतं. लांब स्क्रू मारायचा मोह आवरावा, त्याचं टोक काचेला भिडलं तर काच गेली. लांबी तीच ठेवून थोडा जाड घ्यावा, 8 चा होता तिथे 10 चा. खाचेत तेल तर नकोच, त्यावर धूळ बसून चिकटा होतो. आधी व्हॅक्यूम, मग जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी, वाळल्यावर सिलिकॉनचा हलका फवारा. उंबऱ्याच्या बाहेरच्या अंगाची बारीक भोकं पावसाचं पाणी जायला ठेवलेली असतात, ती कॉल्कने (फटी बुजवायच्या लुकणाने) बुजवणारे उत्साही लोक दरवर्षी भेटतात.

कुलूप लागत नाही म्हणून नवं कुलूप आणणारेही असेच. दोन्ही झडपा सरकणाऱ्या खिडकीत वरचीचा बॅलन्स थकला की ती पाव इंच खाली उतरते. दिसत नाही, पण कुलपाचे दोन अर्धे एकमेकांना भेटत नाहीत आणि वरच्या फटीतून जानेवारीचा वारा येत राहतो. नवं कुलूप घेण्याआधी वरची झडप दोन्ही हातांनी वर ढकलून बघावी. कुलूप निमूट लागलं तर त्याचे पैसे वाचले. बॅलन्सचे मात्र मोजावे लागणार.